वैऱ्याच्या पायाचं माप

बूटमास्तरांच्या हाताला गुण होता. लंगडत आलेला माणूस त्यांच्या दुकानातून सरळ चालत घरी जायचा. कुणाचा पाय अपघातात आखूड झालेला, कुणाचा जन्मापासून वाकडा; सगळ्यांच्या पायांचे लाकडी साचे भिंतीवर ओळीने टांगलेले होते. चाळीस वर्षांत मास्तरांनी एकाही पायाला नाही म्हटलं नव्हतं. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडातून नकार निघतच नाही हो. एकदा तरी म्हणून बघा, जीभ झडणार नाही."

यंदाच्या निवडणुकीने मात्र शहराची दोन शकलं केली. चर्चमध्येसुद्धा डावीकडची बाकं एका पक्षाची आणि उजवीकडची दुसऱ्याची झाली. एका सभेत एक पुढारी असा काही बरसला की सभा सुटताच टोळकं रस्त्यावर उतरलं आणि त्याने कोपऱ्यावर दुसऱ्या पक्षाची पत्रकं वाटणाऱ्या मास्तरांच्या जावयाचा जबडा मोडला. गेले सहा आठवडे जावयाचे दात तारेने बांधलेले होते, आणि पोटात जे काही जायचं ते नळीतून. त्या पुढाऱ्याला लोक कौतुकाने तोफखाना म्हणत. त्याने स्वतः कुणाला बोटही लावलं नव्हतं, हे खरं. पण मग बाकीचं सगळं कुणी केलं?

आणि या तोफखान्याचा डावा पाय दीड बोट आखूड होता.

त्याचा फोन आला तेव्हा मुलगी दुकानातच होती. जुना बूट झिजला, पाठ धरली, मंचावर दहा मिनिटं उभं राहवत नाही, असं तो सांगत होता. असा बूट शहरात दुसरं कुणी करतही नव्हतं. फोन ठेवताच मुलगी म्हणाली, "बाबा, त्या माणसाच्या पायाला हात लावलात तर मी पुन्हा या घराची पायरी चढणार नाही."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी गुपचूप त्याला बुधवारची दुपार दिली. बुधवारी जावयाच्या तारा काढायच्या होत्या. मुलगी संध्याकाळपर्यंत इस्पितळात अडकलेली असणार होती. भ्याडपणा म्हणा हवं तर. होताच तो.

बायकोला कळलं तेव्हा ती थंडपणे म्हणाली, "करा की बूट. फक्त टाचेखाली एक थर कमी लावा. पाठ धरली की तोंड आपोआप बंद होईल."

मास्तर इतके भडकले की हातातला कप बशीवर आदळला. भडकण्याचं कारण वेगळंच होतं. सकाळी दाढी करताना नेमका हाच विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता, आणि तो त्यांना आवडलाही होता.

वैऱ्याचंही भलं करावं, हे प्रवचन त्यांनी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलं होतं, मान डोलावली होती. पण वैऱ्यालाही पाय असतात आणि एक दिवस ते आपल्याच मांडीवर येतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी तोफखाना आला. मास्तर गुडघ्यांवर बसले, त्याचा मोजा काढला, आखूड पायाखाली एकेक पातळ लाकडी पट्टी सरकवत गेले. तेवढ्यात दार उघडलं. दारात मुलगी उभी होती.

"बाबा, उठा."

मास्तर उठले नाहीत.

"तारा लवकर निघाल्या. तो बोलला, बाबा. तेच सांगायला धावत आले होते." एवढं बोलून ती गेली. दारही तिने हळूच लावलं. आपटलं असतं तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"कसल्या तारा?" तोफखान्याने विचारलं.

"जावयाच्या जबड्याच्या. तुमच्या सभेच्या दिवशी मोडला होता."

तोफखान्याने खाली, स्वतःच्या उघड्या पायाकडे पाहिलं. "मास्तर," तो म्हणाला, आणि तो आवाज मंचावरचा नव्हता, "बूट... नीट कराल ना?"

"म्हणून तर दुसऱ्यांदा मोजायचंय. आज माझा माझ्यावरच भरवसा नाही. उभे राहा सरळ."

काचेतून मुलगी दिसत होती. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला ती थांबली होती. आत्ता उठून धावलं तर ती नक्की सापडली असती. पण तोफखाना उंच-सखल पट्ट्यांवर डगमगत होता, आणि तोल सावरायला त्याने आपला सगळा भार मास्तरांच्या खांद्यावर टाकला होता.