लाल पट्ट्याचा पंप

ओझरच्या कारखान्यात मला सगळे थंड डोक्याचा माणूस समजतात. इतक्या वर्षांत तिथे मी कुणावर आवाज चढवलेला नाही. घरी हे सांगितलं की लोक हसतात, कारण घरच्या बागेत माझं डोकं भडकायला काही लागत नाही.

दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे, घरही मळ्यातच. थोरला भाऊ आणि वहिनी सगळं सांभाळतात. मी रविवारचा शेतकरी. विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात तेवढी भाजी असते. तिथली बाग रोगानं गेली, असं मी आयटीआयला असताना घरून कळलं होतं.

आमच्या भागात तणनाशकाचा पंप वेगळा ठेवतात. आमच्या पंपाला लाल पट्टा मारलेला आहे. तणनाशकाचा अंश जरी वेलीवर पडला तरी पानं आकसतात, फुलोरा गळतो, कधी वेलच जाते. हे मला लहानपणापासून पाठ. तरी एका रविवारी लाल पट्ट्याचा पंप गळायला लागला, म्हणून मी वैतागून ट्रॅक्टरच्या फवारणीच्या टाकीतच तणनाशक कालवलं, नळीनं बांधावरचं गवत मारलं आणि टाकी एकदा विसळून ठेवली. कुणाला बोललो नाही.

पुढच्या रविवारी भाऊ एका साखरपुड्याला नाशिकला गेला होता. बाग फुलोऱ्यात होती. त्याच टाकीत बुरशीचं औषध भरून मी फवारणी सुरू केली. तीन ओळी झाल्या आणि चौथीकडे वळताना नाकात तो उग्र वास आला. ट्रॅक्टर बंद करून मी बांधावर बसलो. आधी पंप विकणाऱ्याला शिव्या घातल्या, मग भावाला, की याला आजच साखरपुडा सुचला. चोराच्या उलट्या बोंबा. शेवटी उठून घरी गेलो आणि वहिनींना सांगितलं.

त्या भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उतरवून त्यांनी गॅस बंद केला.

"किती ओळी झाल्या?"

"तीन."

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं असतील."

बाकी काही विचारलं नाही. मी त्याच टाकीत साधं पाणी भरून वेली धुवायला निघालो होतो. त्यांनी ट्रॅक्टरची चावीच काढून घेतली. शेजाऱ्यांना फोन करून त्यांचा ट्रॅक्टर आणि स्वच्छ टाकी मागवली. नळी स्वतः हातात धरली. ऊन कलेपर्यंत आम्ही त्या तीन ओळी तीन-तीनदा धुतल्या. सगळं गेलं, सगळं गेलं, असं माझं चालू होतं. त्या फक्त कुठली पानं राहिली ते दाखवत होत्या. त्या शांतपणाचा मला, खरं सांगतो, राग आला.

संध्याकाळी भावाला त्यांनीच सांगितलं, घडलं तसं. भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतल्या वेलींची पानं सावरली. पहिली ओळ मात्र हातची गेली.

नंतरच्या एका रविवारी विहिरीजवळ वहिनी आणि मी गवार तोडत होतो. तुम्हाला राग कसा आला नाही, असं मी विचारलं.

"आला ना, लय आला," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, इथली बाग रोगानं नाय गेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच औषध भरताना चुकून लाल पट्ट्याचा पंप उचलला होता. तुमच्या वडलांच्या धाकानं दोन दिवस तोंड उघडलं नाय. तुम्ही निदान येऊन सांगितलं."

मला फार लाज वाटली.

"वहिनी, वीस मिनिटं नव्हती," मी म्हणालो. "बांधावर मी तासभर बसलो होतो. सांगावं की नाही, हाच विचार करत."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "ट्रॅक्टर कधी बंद झाला ते घरात ऐकू येतं."