माणसाला इचारावं

खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मालोजी सायकलवर थेट कन्याकुमारी गाठून आले होते, तेही रस्ता विचारत विचारत. "मोबाईलला काय कळतंय? माणसाला इचारावं!" असं ते सुनेवर खेकसायचे.

परवा भर दुपारी धरणाच्या फाट्यावर एका मोळीवालीनं सांगितलं, "सरळ जा, दादा. पुढं गाव हाय."

उतारावर रस्ता पाण्यातच शिरला. गाव कधीच धरणाखाली गेलं होतं. चिडून ते फाट्यावर परतले, तर बाई नव्हती. कोरड्या डांबरावर ओली पावलं तेवढी होती.

मालोजींनी घरी येताच सुनेकडून मोबाईलवर नकाशा लावून घेतला.

आज पुन्हा तोच फाटा आला. "डावीकडे वळा," हँडलवरचा मोबाईल म्हणाला. मालोजी हायसं वाटून वळले, तोच मोबाईल हळूच म्हणाला, "सरळ जा, दादा. गाव वाट बघतंय."