खिळ्यावरचे टायर

बजाजनगरात कडुबाच्या सायकलच्या दुकानाला पाटी नव्हती. पत्र्याच्या कडेला खिळ्यांवर नवे टायर लटकलेले दिसले, की समजायचं, हेच ते. रोज सकाळी तो त्यांच्यावर डिझेलचा बोळा फिरवी, आणि टायर काळेभोर चमकत. तीस वर्षं हेच चाललं होतं. कोणाचा टायर बाजूनं फाटला की कडुबाचं निदान ठरलेलं, "उन्हात लावली असंल सायकल." गिऱ्हाईक ओशाळून नवा टायर घेई.

सत्यभामा काही ओशाळणाऱ्यांतली नव्हती. वाळूजच्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती, सायकलनं जायची. कडुबाकडून घेतलेला टायर दोन महिन्यांत वळणावर फाटला आणि बाई कोपरावर आपटली. पट्टी बांधल्या हातानं तिनं सायकल दुकानापुढं आणून उभी केली.

"कडुबाभाऊ, टायरची नक्षी बघा, जराबी झिजली नाय. मग बाजू कशी फाटली?"

"उन्हात लावली असंल."

"कंपनीत शेड हाय. घरी जिन्याखाली ठेवते. माझ्याकडं यानं ऊन पाहिलंच नाय. तुमच्याकडं किती पाहिलं, ते सांगा."

कडुबानं खिळ्यावरचा एक टायर काढून अंगठ्यांनी वाकवला. चमकेखाली बारीक भेगा उघडल्या, टाचेला पडतात तशा. दुसरा वाकवला, तिसरा वाकवला, तेच. उन्हानं रबर वाळलं होतं आणि डिझेलनं उरलंसुरलं खाल्लं होतं. लटकवलेले टायर म्हणजे त्याच्या लेखी पाटी. तेही रबरच, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो मागच्या अंधाऱ्या खोलीत गेला. तिथं हवा भरायच्या मोटारीच्या धगीपासून लांब, फळीवर आडवा, पोत्यात गुंडाळलेला एक टायर होता. त्यानं तो बाहेर आणून वाकवला. एक रेघ दिसली नाही.

"हा कुणाचा?" सत्यभामानं विचारलं.

"माझ्या सायकलसाठी ठेवलेला."

"म्हंजे तुम्हाला सगळं ठाऊक व्हतं."

कडुबानं तो टायर तिच्या चाकाला चढवला, हवा भरली आणि पैसे घेतले नाहीत. ती गेल्यावर त्यानं सुरी घेऊन खिळ्यांवरचे अकराच्या अकरा टायर कापून टाकले, कुणी उचलून नेऊन चढवू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी मोकळे खिळे बघून शेजारच्या रामकिसननं हाक मारली, "का हो, दुकान बंद केलं व्हय?"

"नाय. माल आत सावलीत हाय," कडुबा म्हणाला. "ज्याला पायजे त्यानं आधी वाकवून बघायचा."