दौलताबादची सीताफळं

काल ऑफिसातून वैतागून घरी आले, तर स्वयंपाकघरात पिकलेल्या सीताफळांचा वास दरवळत होता. मला एकदम लहानपणीची ती संध्याकाळ आठवली.

वाळूजच्या कारखान्यात साहेबाशी भांडून आलेले बाबा नोकरी सोडतो म्हणत बसले होते. “अहो, स्कूटर काढा, दौलताबादला सीताफळं खाऊन येऊ,” एवढंच आई म्हणाली.

किल्ल्याकडं तोंड करून आम्ही तिघं एका बांधावर बसलो. आईनं तोंडातली बी फुर्रकन लांब उडवली. “टाका बरं या बीच्या पुढं!” ती बाबांना म्हणाली. बाबांनी जोर लावला, तर बी हनुवटीलाच चिकटली. दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

मला ती सहल वाटली होती. आई बाबांना माणसात आणत होती, हे आता कळतं. दुसऱ्या दिवशी बाबा शीळ घालत कामावर गेले.