भिंतीला लावलेला पेला

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत येणारे एक प्लंबर हातोडी काढण्याआधी स्टीलचा पेला मागतात. आमच्या बाथरूमची भिंत ओली झाली, तेव्हा आधीच्या दोघांनी सगळ्या टाइल्स फोडायला सांगितल्या होत्या. यांनी पंखा बंद करायला लावला, पेला भिंतीला टेकवला आणि त्याला कान लावला.

मला राहवेना. “अहो, गळती ऐकू येतेय का?”

“सध्या तुम्हीच ऐकू येताय.”

पेला वीत-वीत सरकत नळाखाली थांबला. त्यांनी तिथली एकच टाइल फोडली आणि आतल्या पाइपातून चिळकांडी थेट त्यांच्या चष्म्यावर उडाली! बरोब्बर तीच जागा! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

“टाळ्या नंतर,” चष्मा न पुसता ते म्हणाले, “आधी कॉक बंद करा.”