समुद्र पळवणारा संकासुर

१९८७च्या सव्वीस जानेवारीला घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा यथासांग पार पडली आणि दुपारच्या व्हिडिओची मात्र पार वाट लागली. भाड्याचा रंगीत टीव्ही टेबलावर, समोर सतरंज्यांवर दीडशे माणूस. ठरला होता पौराणिक हिंदी सिनेमा. पडद्यावर आले ते चंदेरी कपडे घातलेले गोरे लोक, आणि तेही फाडफाड इंग्रजी बोलणारे.

कॅसेट आणली होती गुणाजीने. त्याची बायको विमला आधी पडद्याकडे आणि मग त्याच्याकडे बघू लागली.

संपात गिरणी गेली त्याला पाच वर्षं होत आली होती. गुणाजीने आधी कामं शोधली, मग सगळ्यांशी भांडून घेतलं, मग बोलणंच सोडलं. घर चालायचं विमलाच्या बालवाडीतल्या नोकरीवर. "मी आता खयच्या कामाचो?" एवढंच तो अधूनमधून म्हणे. चार माणसांत मिसळेल म्हणून तिनेच चाळीच्या मंडळातल्या मार्तंडला गाठून कॅसेटचं काम नवऱ्याकडे देवविलं होतं. दुकानदाराने भलतीच कॅसेट हातात ठेवली. खोक्यावरचं इंग्रजी गुणाजीला कुठलं वाचता येतंय! आता दुकानही बंद. आज सगळ्यांसमोर हसं झालं, तर हा माणूस पुन्हा कोपऱ्यातून उठायचा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"बंद करा रे ते!" मागून कोणीतरी ओरडलं.

पाहुण्यांच्या खुर्चीवरून शरच्चंद्र प्रधान उठले. खालच्या सोसायटीतले, मोठ्या कचेरीतले साहेब. दरवर्षी पत्नी सुलक्षणाबाईंसह तीर्थप्रसादाला येत. "अहो, ही तर त्या समुद्रचोराची मालिका! जुने चारही सिनेमे मी फोर्टात थेटरात जाऊन पाहिलेत. आता काढणाऱ्यांनी सगळं पहिल्यापासून परत सुरू केलंय. नट नवा, यान नवं. जुने भाग पाहिल्याशिवाय कळायचं नाही. आणि खरं सांगू? जुन्याची सर नाही." सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, पण जाणकारांना तेवढा वेळ पुरतो.

गुणाजी टीव्हीसमोर उकिडवा बसला होता. हिरव्या कातडीचा एक टकला राजा आला, त्याने एका ग्रहावरचा अख्खा समुद्र नळीने ओढून आपल्या जहाजात भरला आणि खदाखदा हसला. गुणाजीही हसला. किती दिवसांनी! विमलाला आधी भीतीच वाटली.

"ह्यो तर संकासुर!" तो म्हणाला. "आमच्या संकासुरान वेद पळवल्यान, ह्यो समुद्र पळवता."

"पण तो जुन्या भागात मेला होता हो," प्रधान कळवळून म्हणाले. "आता परत जिवंत कसा?"

"मेलो तर काय झाला, सायबानू? गिरणीत लागाच्या आदी धा वर्सा मी दशावतारात संकासुराचा काम केलंय. ह्या जत्रेक मरय, फुडच्या जत्रेक पुन्ना उभो रवय. कोणी इचारूक नाय माका, मेललस तो खयसून इलस म्हणान!"

कोकणातल्या दशावतारी नाटकात लिहून दिलेलं वाक्य नसतं. आज कुठली कथा ते ठरतं, तोंडाला रंग लागतो, आणि आपापलं बोलणं उभ्या उभ्या ज्याचं त्याने रचायचं असतं. अशा माणसाला इंग्रजीची काय मातब्बरी!

"मार्तंडा, तेचो आवाज बारीक कर," म्हणत गुणाजी उठला.

"अहो, बसा ना," विमला पुटपुटली. त्याने ऐकलं नाही.

पहिलं वाक्य अर्ध्यावरच तुटलं. कोणीतरी फिसकन हसलं. विमलाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. गुणाजी खाकरला, आणि मग असा काही आवाज निघाला की गॅलरीतली कबुतरं उडाली. "गे राजकन्ये! तुझो समुद्र आता माझ्या पोटात! बांगडो खावचो आसात तर माझ्या दारात ये!"

दीडशे माणूस खो खो हसलं. मग तोच राजकन्या झाला, तोच विमान चालवणारा म्हातारा झाला. लढाई आली तशी कोणीतरी आरतीच्या झांजा उचलल्या. "तो असं म्हणत नाहीये," प्रधानांनी दोनदा दुरुस्ती केली. दोन्ही वेळा बायकांनी त्यांना गप्प केलं. तिसऱ्यांदा ते खुर्ची पुढे ओढून गुणाजीलाच विचारू लागले, "आता हो? आता काय करतो हा?"

राजा मेला, समुद्र जागेवर गेला. टाळ्या थांबेनात. गुणाजी घामाने निथळत धापा टाकत होता. "नवो नट फक्कड आसा," तो प्रधानांना म्हणाला. "फुडचो भाग कदी येतलो?"

"आला की आपण दोघं जाऊ," प्रधान म्हणाले. जुन्या भागांचं नावही त्यांनी काढलं नाही.

विमलाला रडू येत होतं आणि ते लपवावंसंही वाटत नव्हतं. हातात प्रसादाचा द्रोण घेऊन सुलक्षणाबाई तिच्याजवळ आल्या. "तुमचे यजमान का? काय करतात ते?"

पाच वर्षं या प्रश्नाला विमला खाली मान घालून एकच उत्तर देत आली होती: होते गिरणीत. आज तिने मान वर केली.

"दशावतारी आसत," ती म्हणाली.