संजीवनी, गामिनी, अमर

आमच्याकडे माणूस गेला की गावोगावचे सोयरे 'दारावर' येतात. मांडवातल्या सतरंजीवर टोपी गुडघ्यावर ठेवून, जमिनीकडे बघत थोडा वेळ मुकाट बसतात आणि मग 'येतो' न म्हणताच उठून चालू लागतात. कारण अशा दारातून निघताना येण्याची भाषा करायची नसते. हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. तरीही भाऊच्या दारावर आलेली पहिलीच मंडळी उठली – जामनेरकडचे वयस्कर सोयरे होते – आणि मी, भाऊचा सख्खा धाकटा, हात जोडून लग्नघरातल्या यजमानासारखा खणखणीत आवाजात म्हणालो, "या हं परत!"

चपलेत पाय घालता घालता एक आबा थबकले. मी जीभ चावली. समोरच सुपडू बसला होता. सुपडू म्हणजे आमचा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा. माझ्या तोंडून निसटलेलं कुठलंही बावळट वाक्य वर्षानुवर्षं जपून ठेवायचं आणि भर पंगतीत नकलेसकट काढायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. पण तो हसला नाही. खाली बघत सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिला. मी मनात म्हटलं, चला, दुःखाच्या घरी यालाही अक्कल सुचली.

मला मात्र काहीच सुचत नव्हतं. सकाळी भाऊ केळीच्या बागेत पाणी धरायला गेला आणि दुपारी त्याला चौघांनी उचलून आणलं... हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, एखाद्या परक्या गावची बातमी सांगावी तसं. मांडवाच्या कापडावर कुठल्याशा लग्नातला हळदीचा हात उमटलेला होता, तो मला दिसत होता. चहात साखर जास्त आहे, हे कळत होतं. बायका गळ्यात पडून रडत होत्या, आणि माझे डोळे वैशाखातल्या गिरणेच्या पात्रासारखे कोरडे ठणठणीत. "याले कोनी तरी रडवा रे," असं एक अक्का कुजबुजली, तेही मी ऐकलं. भाऊसाठी मला रडूही येऊ नये? माझं त्याच्यावर प्रेम होतं की नुसतीच सवय होती, असली भीती आत कुठेतरी बसून राहिली होती – आणि ती भीतीही बधिरच.

संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या जागेतून पोरांचा आवाज आला, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आणि इतक्या वेळात पहिल्यांदा कशाचा तरी वास आला मला. राखेचा.

आमच्या लहानपणी त्याच जागेवर हुतूतू रंगायचा. कपाशीची वेचणी संपत आलेली, पऱ्हाट्यांचे भारे घराघराच्या भिंतींना टेकलेले, हवेत हरभऱ्याच्या आंबटसर पाल्याचा वास आणि सकाळच्या गारठ्यात पायांना चिरा पडलेल्या... अशा दिवसांत नदीतली रेती टोपल्यांनी आणून आम्ही त्या काळ्या, ढेकळांच्या जमिनीवर पसरायचो. चुना कुणाच्या बापाने पाहिलेला? आईच्या चुलीतली पऱ्हाटीची राख पळवून रेघा आखायच्या. आई ओरडायची, "भांडी कशाने घासू? तुमच्या हुतूतूने?" – आणि दुसऱ्या दिवशी राख मुद्दाम वेगळ्या डब्यात काढून ठेवायची.

खेळ म्हटलं तर किती साधा! मधे एक रेघ, दोन्हीकडे सात-सात गडी. एकाने दम घुमवत पलीकडे जायचं, कुणाला तरी हात लावायचा आणि दम तुटायच्या आत माघारी यायचं. आला तर ज्याला शिवला तो मेला. तिकडेच धरला गेला, दम सुटला, तर हाच मेला. आम्ही 'बाद' म्हणत नव्हतो, 'मेला'च म्हणायचो, आणि त्यात कुणाला काही वाईट वाटत नसे.

खरं भांडण व्हायचं ते मेल्यानंतरचं. शाळेतले गुरुजी आमचे पंच. ते सांगायचे की पूर्वी गावोगावचे कायदे वेगळे होते, तीन तऱ्हांनी हा खेळ खेळत. एक संजीवनी – समोरचा गडी मेला की आपला मेलेला जिवंत होऊन आत येणार. जो आधी मेला तो आधी उठणार. दुसरी गामिनी – गेला तो गेला, सगळी फळी संपेपर्यंत बाहेरच. आणि तिसरा प्रकार अमर – त्यात कुणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे. पुढे नियम लिहिले गेले, तेव्हा संजीवनीच टिकली, म्हणायचे गुरुजी.

माझा जीव अमरवर. कारण उघड होतं. पहिल्या चढाईतच मला कुणीही शिवून जायचं, आणि उरलेला सगळा वेळ मी बाहेर बसून नाक पुसायचो. भाऊला गामिनी आवडायची. "मरनं म्हन्जे मरनं," असं तो छाती काढून म्हणायचा, कारण तो मरतच नसे. भाऊ चढाईला निघाला की राखेच्या रेघेवर ओणवा होऊन मी जिवाच्या आकांताने ओरडायचो, "भाऊ, परत ये! परत ये!" नियमात असं काही नव्हतं. पण मी ओरडलो नाही तर भाऊ तिकडेच अडकेल, असं मला खरंच वाटायचं. सुपडू विरुद्ध बाजूचा; तो माझी नक्कल पार गावच्या पाणवठ्यापर्यंत करत जायचा – "भाऊ ऽ ऽ, परत ये ऽ ऽ!"

एकदा खालच्या गल्लीशी सामना लागला. तडजोड म्हणून संजीवनी ठरलेली. आणि अघटितच घडलं. पहिल्याच चढाईत सुपडूने भाऊच्या घोट्याला मिठी मारली, वर चौघे पडले, आणि भाऊचा दम रेतीत विरला. आमच्यातला सगळ्यात आधी मेलेला गडी – भाऊ! मग एकेक करून सगळेच गेले आणि मैदानात उरलो कोण, तर मी. बहुधा मला शिवायचं कुणाच्या लक्षातच आलं नसावं.

भाऊ रेघेबाहेर उकिडवा बसला होता. मी त्याला तसं बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. "बठ्ठा मरी ग्यात रे भो, आते तू एकला शे," तो हळू आवाजात म्हणाला. "कोनले बी हात लाव अन् पय माघारे. माले उठाड."

मी निघालो. 'हुतूतूतू' म्हणताना डोळे – खोटं कशाला बोलू – मिटलेले. दोन पावलांत स्वतःच्याच पायात पाय अडकून मी पालथा पडलो आणि पडता पडता माझा हात सुपडूच्या अंगठ्याला लागला. सुपडूला इतकं हसू फुटलं, की मला धरायचं त्याला भानच राहिलं नाही. मी रेती खात, रांगत, उरलासुरला दम नाकातून घुमवत मागे सरकलो आणि बोट राखेत टेकवलं.

"सुपडू मेला! पहिला गडी जिवंत!" गुरुजी ओरडले.

भाऊ उठला. चड्डीची रेती झटकली आणि रेघ ओलांडून आत आला. माझ्या डोक्यावर हात ठेवला फक्त, राखेचा, घामाचा... पुढे आम्ही जिंकलो की हरलो, देवाशपथ आठवत नाही.

त्या संध्याकाळी त्याच जागेवर मी उभा राहून पाहत होतो. आता चुन्याच्या रेघा आहेत, तीस सेकंदांची चढाई आहे, मोबाइलवर वेळ लावलेली. एक पोरगं बाद होऊन बाहेर बसलं. जरा वेळाने साथीदाराने कुणाला तरी टिपलं आणि ते टुणकन उठून आत गेलं. मी बघत राहिलो. तेव्हाही डोळे कोरडेच.

शेवटच्या दिवसाचा गंधमुक्तीचा विधी आटोपला आणि आम्ही दोघांनी धुळ्याला घरी जायची एसटी धरली. खिडकीबाहेर पऱ्हाट्या सरकत होत्या. मी बायकोला म्हणालो, "मला रडू आलंच नाही गं. वर त्या दिवशी 'या परत' म्हणून बसलो. सुपडूसुद्धा हसला नाही, इतका मी वाया गेलोय."

ती खिडकीतून माझ्याकडे वळली.

"तुम्हाला खरंच आठवत नाही?" ती म्हणाली. "भाऊंना दारातून उचललं, तेव्हा तुम्ही उंबऱ्यावर ओणवे झालात अन् लहान पोरासारखे ओरडलात, 'भाऊ, परत ये! परत ये!' तिरडी धरलेली माणसं जागच्या जागी थांबली. सुपडू भाऊजी रडत रडत तुम्हाला दंडाला धरून पुढे घेऊन गेले. कुणी तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच."